४९ अक्षरांचा एकच शब्द! डच लोक हे लांबलचक शब्द तोडतात तरी कुठे?

समजा, नोकरीनिमित्त तुम्ही नेदरलँड्सला गेलात. आइंडहोव्हनमध्ये घर मिळालं, सायकलही घेतली. मग एके दिवशी दारातल्या पत्रपेटीत एक निळं पाकीट येऊन पडतं. पाठवणारं खातं आहे 'बलास्टिंगडीन्स्ट', म्हणजे तिथलं कर खातं. दुसऱ्या दिवशी एका विमा कंपनीचं पत्र येतं आणि त्यावर हा शब्द असतो:

आनस्प्राकलकहाय्ट्सव्हरझेकरिंग.

रोमन लिपीत २९ अक्षरं, आणि मध्ये एकही स्पेस नाही. श्वास कुठे घ्यायचा, जोर कुठे द्यायचा, काहीच कळत नाही. खरं तर अर्थ साधा आहे. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, समजा तुमच्या मुलाने शेजाऱ्याची काच फोडली, तर त्याची भरपाई देणारा विमा. पण तो अर्थ हाती लागण्याआधी शब्द फोडता यायला हवा.

सोशल मीडियावर डच आणि जर्मन शब्दांच्या लांबीवरचे मीम्स तुम्ही पाहिले असतीलच. हसून आपण पुढे जातो. पण हे शब्द मनाला येईल तसे चिकटवलेले नसतात. त्यांना ठरलेले सांधे असतात. सांधा सापडला की शब्दाचे तुकडे, त्यावरचा जोर आणि अर्थ, तिन्ही गोष्टी सुटतात. सांधा चुकला तर तिन्ही बिघडतात.

(इथे डच शब्द देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे उच्चार जवळपासचा समजा. 'ख' हा घशातून घासत काढायचा आहे, 'खबर' मधल्या उर्दू 'ख' सारखा.)

आधी तो प्रसिद्ध शब्द पाहू

डच भाषेतल्या लांब शब्दांची चर्चा निघाली की हा शब्द हमखास पुढे येतो:

किन्डरकार्नाव्हाल्सऑप्टोख्तव्होरबराय्डिंग्सवेर्कझामहेडन.

रोमन लिपीत ४९ अक्षरं! आता याचे घटक वेगळे करू.

किन्डर म्हणजे मुलं.
कार्नाव्हाल म्हणजे कार्निव्हल.
ऑप्टोख्त म्हणजे मिरवणूक.
व्होरबराय्डिंग म्हणजे पूर्वतयारी.
वेर्कझामहेडन म्हणजे कामं.

म्हणजेच 'मुलांच्या कार्निव्हल-मिरवणुकीच्या पूर्वतयारीची कामं'. एक गोष्ट लक्षात आली का? डच शब्दातला क्रम आणि मराठी अर्थातला क्रम अगदी सारखा आहे. इंग्रजीत हेच सांगायचं तर बऱ्याचदा शेवटाकडून सुरुवात करावी लागते. मराठी माणसाला ती उलटापालट करावी लागत नाही.

रोजच्या बोलण्यात असे शब्द कोणी वापरत नाही, ते कौतुकापुरतेच. पण २० ते ३० अक्षरांचे शब्द सरकारी पत्रांत, बातम्यांत, विम्याच्या कागदांत सर्रास भेटतात.

अहो, हा तर आपला समास!

शाळेत समास शिकलो, विग्रह केले. तत्पुरुष समासात दुसरं पद महत्त्वाचं, हेही पाठ केलं. डचमध्येही नेमकं हेच चालतं. शेवटचा शब्द मुख्य, त्याच्या आधीचे सगळे त्याची माहिती देणारे.

लिंगाचंही तसंच आहे. 'पुरण' ते, पण 'पोळी' ती, म्हणून 'पुरणपोळी' ती. डचमध्ये नामाआधी 'द' किंवा 'हेट' लावावं लागतं. 'बाट' (अंघोळ) ला 'हेट' लागतं, 'कामर' (खोली) ला 'द' लागतं. दोन्ही जोडून झालेल्या 'बाटकामर' (न्हाणीघर) ला शेवटच्या शब्दाप्रमाणे 'द' लागतं. शब्द कितीही लांब असो, शेवटचा घटक कळला की लिंग कळलं.

दोन घटकांमधलं नातं मात्र आपणच ओळखायचं असतं. 'ओलाइफओली' म्हणजे ऑलिव्हपासून काढलेलं तेल आणि 'बेबीओली' म्हणजे बाळासाठीचं तेल. मधला शब्द गाळलेला असतो. आपणही 'पुरणपोळी' म्हणताना 'घालून केलेली' हे शब्द गाळतोच की.

सांधा सरकला की अर्थही सरकला

मराठीतला सभंग श्लेष आठवतोय? 'सुमने' म्हणजे फुलं, आणि तोच शब्द 'सु-मने' असा तोडला की चांगली मनं. डच लोकांना हा खेळ फार आवडतो, कारण त्यांच्या भाषेत असे शब्द ढिगाने सापडतात.

पहिला शब्द 'व्हाल्काउल'. 'व्हाल-काउल' असा तोडला तर सापळ्याचा खड्डा. हाच खरा, रोज वापरला जाणारा अर्थ. पण 'व्हाल्क-आउल' असा तोडला तर ससाणा-घुबड!

दुसरा, 'क्वार्ट-स्लाखन' म्हणजे पाव वळसे, नट फिरवताना देतो तसे. तीच अक्षरं 'क्वार्ट्स-लाखन' अशी तोडली की गारगोटीचे थर.

तिसरा, 'बॉम-मेल्डिंग' म्हणजे बॉम्ब ठेवल्याची खबर. पण 'बॉमल-डिंग' वाचलं तर बॉमलची वस्तू. मार्टेन टोंडर यांच्या चित्रकथांमधलं बॉमल नावाचं अस्वल तिथे घराघरात ठाऊक आहे, म्हणून हा विनोद चालतो.

चौथा शब्द सगळ्यात मजेशीर. 'मासाझ-बेट' म्हणजे मसाज करून घ्यायचा पलंग. नेमकी हीच अक्षरं 'मासा-खबेट' अशी तोडली तर सामूहिक प्रार्थना. सांधा दोन अक्षरं अलीकडे सरकला आणि एका व्यंजनाचा 'झ' चा 'ख' झाला, जोर दुसऱ्या तुकड्यावरून पहिल्यावर आला, आणि अर्थ पलंगावरून थेट प्रार्थनेवर गेला!

यातला विनोद बाजूला ठेवला तरी नव्याने भाषा शिकणाऱ्याची अडचण खरी आहे. दवाखान्यात 'स्पूटआयसन्द हुल्प' अशी पाटी असते, म्हणजे तातडीची मदत, आपल्याकडचा 'कॅज्युअल्टी' विभाग. यात 'स्पूट' म्हणजे तातडी आणि 'आयसन्द' म्हणजे मागणारी. पण सांधा माहीत नसलेला माणूस 'स्पू-डायसन्द' असं वाचतो. ऐकणाऱ्याला क्षणभर काही कळत नाही. आणि अशा पाटीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे तो क्षणच नसतो.

'स्पूड' चा 'स्पूट' कसा झाला?

या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'ड' आहे, पण उच्चार 'ट'. डचमध्ये शब्दाच्या शेवटी येणारा 'ड' हा 'ट' होतो आणि 'ब' हा 'प' होतो. जोडशब्दात मधल्या सांध्यापाशीही हेच घडतं, जणू तिथेही शब्द संपलाच आहे. मघाचं 'बाट' आणि 'बेट' दोन्ही लिहिताना 'ड' ने संपतात. म्हणजे सांधा कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर उच्चारही चुकणार.

कधी उलटंही होतं. 'झाक' म्हणजे खिसा, 'डूक' म्हणजे कापड. दोन्ही मिळून रुमाल. पण उच्चार होतो 'झागडूक'. पुढच्या 'ड' मुळे 'क' चा 'ग' झाला. आपल्याकडे 'वाक् + दान' चं 'वाग्दान' होतं, अगदी तसंच. व्यंजनसंधी शाळेत रटली होती, ती इथे कामाला आली!

बॉम्ब की झाडं? एका अक्षराचा प्रश्न

आता शब्दाचे उच्चारी तुकडे, म्हणजे सिलॅबल, कसे पडतात ते पाहू. मूळ नियम दोनच आहेत.

एक, दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात जातं. पाणी म्हणजे 'वा-टर'.

दोन, मध्ये दोन व्यंजनं असतील तर साधारणपणे एक इकडे, एक तिकडे. हिवाळा म्हणजे 'विन-टर'.

यात विशेष काय? विशेष हे, की तुकडा स्वराने संपला तर तो स्वर लांब होतो आणि व्यंजनाने संपला तर आखूड. म्हणून झाडं म्हणजे 'बो-मन', लिहिताना एक 'म'. आणि बॉम्बचं अनेकवचन 'बॉम-मन', लिहिताना दोन 'म'. बाकी स्पेलिंग सारखंच. चंद्राचं अनेकवचन 'मा-नन' आणि पुरुषांचं 'मन-नन', तिथेही फरक एका 'न' चाच. तुकडा कुठे पडतो यावर स्वर ठरतो आणि स्वरावर अर्थ.

पण जोडशब्दात या नियमांच्या वरचा एक नियम आहे: सांधा आला की आधी तिथे तोडायचं. 'हाउस' म्हणजे घर, 'आर्ट्स' म्हणजे डॉक्टर. 'हाउस-आर्ट्स' म्हणजे फॅमिली डॉक्टर. एका व्यंजनाचा नियम लावून कोणी 'हाउ-सार्ट्स' तोडलं तर ते चूकच. संध्याकाळनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी अशा डॉक्टरांची सेवा जिथे मिळते त्या केंद्राला 'हाउस-आर्ट्सन-पोस्ट' म्हणतात. नेदरलँड्समध्ये लहान मूल घेऊन राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा शब्द कधी ना कधी लागतोच.

ओळीच्या शेवटी शब्द मोडून आडवी रेघ द्यायची असेल तरी हाच क्रम: आधी सांधा, मग घटकाच्या आतले तुकडे. संगणकाला इथे पेच पडतो. 'व्हाल्काउल' सारखा शब्द कुठे मोडायचा हे नुसती अक्षरं मोजून ठरत नाही, त्यासाठी अर्थ कळावा लागतो.

कधीकधी लिपीच मदतीला येते. सांध्यावर दोन स्वर एकमेकांत घुसून घोळ होणार असेल तर जोडशब्दात मध्ये आडवी रेघ द्यायची, असा आजचा नियम आहे. 'झे-एंट' नावाचं समुद्री बदक आहे. रेघ नसती तर स्पेलिंगमध्ये सलग चार 'ई' आले असते! संख्यांमध्ये मात्र रेघ न देता अक्षरावर दोन टिंबं देतात. बावीसला म्हणतात 'ट्वे-अन-ट्विन-टख', म्हणजे 'दोन आणि वीस'. यातल्या 'अन' च्या स्वरावर ती टिंबं असतात. 'इथून नवा तुकडा सुरू' एवढाच त्यांचा अर्थ.

दोन घटकांमधला डिंक

बऱ्याच जोडशब्दांत दोन घटकांच्या मध्ये एक जास्तीचा आवाज येतो, 'स' किंवा 'अन'. आपण 'घोडा + स्वार' चं 'घोडेस्वार' करतो, तसाच हा डिंक. वरच्या ४९ अक्षरी शब्दात 'कार्नाव्हाल' नंतर आणि 'व्होरबराय्डिंग' नंतर आलेला 'स' आठवा. हा डिंक नेहमी आधीच्या घटकाला चिकटतो. म्हणून वाचताना 'हाय्ट्स' किंवा 'डिंग्स' असा शेवट दिसला की बहुतेक वेळा समजावं, सांधा आला.

या डिंकावरून तिथे भांडणंही झाली आहेत. पॅनकेकला डचमध्ये 'पानकूक' म्हणतात. त्यातल्या डिंकाचा 'न' बहुतेक लोक उच्चारतच नाहीत आणि पूर्वी तो लिहीतही नसत. १९९५ च्या शुद्धलेखन सुधारणेत तो लिहायचा असं ठरलं. सूर्यप्रकाश या अर्थाच्या शब्दात मात्र 'न' नको, कारण सूर्य एकच! २००५ मध्ये नियम पुन्हा थोडे बदलले, तेव्हा काही वृत्तपत्रं आणि प्रसारमाध्यमं वैतागली. सरकारमान्य शब्दसूचीला 'हिरवं पुस्तक' म्हणतात, तर २००६ मध्ये तिला पर्याय म्हणून 'पांढरं पुस्तक' बाजारात आलं. ऱ्हस्व-दीर्घावरून आपल्याकडे होणारे वाद आठवले ना?

मग जोर कुठे द्यायचा?

मराठीत एखाद्या शब्दात जोर इकडचा तिकडे झाला म्हणून सहसा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपल्या कानाला या गोष्टीची सवय नाही. डचमध्ये मात्र जोर चुकला की ऐकणारा अडखळतो.

जोडनामांचा सर्वसाधारण नियम सोपा आहे: मुख्य जोर पहिल्या घटकावर. 'बाटकामर' मध्ये 'बाट' वर, 'हाउसआर्ट्स' मध्ये 'हाउस' वर. पुढच्या घटकांचे स्वतःचे जोर पूर्ण नाहीसे होत नाहीत, फक्त हलके होतात. म्हणून त्या ४९ अक्षरी शब्दात सगळ्यात ठळक 'किन' ऐकू येतो आणि पुढे 'ऑप', 'व्होर', 'वेर्क' वर छोट्या उसळ्या येतात. शब्दाचे सांधे कानाला कळतात ते या उसळ्यांमुळेच.

पण इथे एक फसगत होते. 'पहिला घटक' म्हणजे 'पहिला तुकडा' नव्हे. पहिल्या घटकाचा मूळचा जोर जिथे असेल तिथेच तो राहतो. कर खात्याचं नाव पाहा, 'ब-लास-टिंग-डीन्स्ट'. सुरुवातीचा 'ब' हा उपसर्ग आहे आणि 'ब', 'ख', 'व्हर' या उपसर्गांवर जोर येत नाही. म्हणून जोर 'लास' वर.

काही प्रत्यय जोर आपल्याकडे ओढतात. 'आनस्प्राक' म्हणजे दावा किंवा हक्क, त्यात जोर 'आन' वर. पण शेवटी 'लक' हा प्रत्यय लागून 'आनस्प्राकलक' (जबाबदार) झालं की जोर सरकतो 'स्प्रा' वर. 'नोटलॉट' म्हणजे नियती, जोर 'नोट' वर. 'नोटलॉटख' म्हणजे प्राणघातक, जोर 'लॉट' वर.

अपवादही आहेत, आणि तेही अगदी रोजच्या शब्दांत. नगरपालिकेच्या इमारतीला 'स्टाटहाउस' म्हणतात, जोर 'हाउस' वर. महापौर 'बुर्खमेस्टर', जोर 'मेस' वर. हिवाळ्यात बटाट्याबरोबर कुस्करून खाल्ली जाणारी केल नावाची भाजी 'बूरनकोल', जोर शेवटच्या 'कोल' वर. हे पाठच करावे लागतात.

एक शब्द, दोन उलटे अर्थ

जोर किती महत्त्वाचा आहे, हे 'व्होरकोमन' या क्रियापदावरून कळतं. जोर 'व्होर' वर दिला तर अर्थ 'आढळणं, घडणं'. जोर 'को' वर दिला तर अर्थ 'टाळणं, प्रतिबंध करणं'. स्पेलिंग एकच! आजारावरच्या माहितीपत्रकात हा शब्द आला की आजार 'होतो' म्हणायचंय की 'टाळता येतो', हे आजूबाजूच्या वाक्यावरून ठरवावं लागतं. गोंधळ होण्याची शक्यता असेल तिथे जोराच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ देण्याची सोय डच लेखनात आहे, ती यासाठीच.

आणखी एक गोड जोडी आहे. 'बालत्य', जोर 'बाल' वर, म्हणजे छोटा चेंडू. 'बालेत्य', जोर 'ले' वर, म्हणजे छोटासा बॅले. लिहिताना दोन्ही तंतोतंत सारखे.

स्पेस दिली तर काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला? मध्ये स्पेस द्यावी, झालं! काही डच लोकही आता तेच करतात आणि बाकीचे त्यावर चिडतात. इंग्रजीच्या नादाने जोडशब्द तोडून लिहिण्याच्या या सवयीला तिथे 'इंग्लिश आजार' म्हणतात. गंमत म्हणजे डचमध्ये हेच मुडदूस या रोगाचंही नाव आहे! अशा चुकीच्या स्पेसचे फोटो गोळा करणारं एक संकेतस्थळसुद्धा आहे.

त्यांचा राग अगदीच उगाच नाही. 'लांगआफस्टांट्सलोपर' एकत्र लिहिलं तर लांब पल्ल्याचा धावपटू. 'लांग' नंतर स्पेस दिली तर पल्ला गाठणारा उंच माणूस! स्पेस पडली की 'लांब' हे विशेषण पल्ल्यावरून निघून थेट माणसाला चिकटतं.

आपल्याकडे 'घरा समोर', 'मुलां साठी' असं तोडून लिहिलेलं पाहून तुम्ही वैतागत असाल, तर डच माणसाचं दुःख तुम्हाला नक्की कळेल.

आता तो विम्याचा शब्द वाचू या

सुरुवातीच्या शब्दाकडे परत येऊ. आता तो तीन पायऱ्यांत सुटेल.

पहिली पायरी, शेवटाकडून ओळखीचा शब्द शोधा. 'व्हरझेकरिंग' म्हणजे विमा. तिथे गेल्यावर चार महिन्यांच्या आत आरोग्यविमा, म्हणजे 'झोर्खव्हरझेकरिंग', घ्यावा लागतो, त्यामुळे हा शब्द लवकरच ओळखीचा होतो.

दुसरी पायरी, डिंक शोधा. त्याच्या आधी 'हाय्ट्स' आहे, म्हणजे 'हाय्ट' अधिक 'स'. 'हाय्ट' म्हणजे आपला 'पणा'. सांधा इथेच. उरलं 'आनस्प्राकलक', जबाबदार. जबाबदारपणाचा विमा!

तिसरी पायरी, तुकडे पाडून जोर लावा. आन-स्प्रा-क-लक-हाय्ट्स-व्हर-झे-क-रिंग. नऊ तुकडे. मोठा जोर 'स्प्रा' वर, हलका जोर 'झे' वर. मध्ये श्वास घ्यायचाच असेल तर 'हाय्ट्स' नंतर.

एकदा मोठ्याने म्हणून पाहा. २९ अक्षरांची ती भिंत आता दोन शब्दांची झाली. डच माणूसही २९ अक्षरं वाचत नाही, तो हेच दोन शब्द वाचतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा लांबलचक शब्द मीममध्ये दिसला, तर अक्षरं मोजत बसू नका. शाळेतल्या मराठीच्या तासाला करायचो तसा विग्रह करा. आणि सांधा सरकला की अर्थच बदलतो, असा एखादा मराठी शब्द तुम्हाला सुचतोय का? कमेंटमध्ये नक्की सांगा!